नऊ पेपर, चार बॅकलॉग आणि ‘शाखाच चुकली’ : एक प्रकरण अभ्यास

इथे मांडलेला मुलगा एक नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात अडकलेल्या मुलांच्या अडचणींत जे पुन्हा पुन्हा दिसते, ते एकत्र करून हे प्रकरण बांधले आहे. गुण, क्रेडिट आणि फीचे आकडे या प्रकरणापुरते आहेत. नियम विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे वाचणाऱ्याने आपल्या विद्यापीठाचा नियम हाती घेऊन गणित नव्याने मांडावे.

परिस्थिती

मुलगा लातूर जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी लातुरात क्लास लावून. एमएचटी-सीईटीला ८८ पर्सेंटाईलच्या आसपास. कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत, ऑगस्ट २०२३ मध्ये, पुण्याजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकल मिळाले. पहिली पसंती कॉम्प्युटरला होती, पण त्या पर्सेंटाईलला ती मिळाली नाही. घरी तीन एकर कोरडवाहू शेती आणि वडिलांचे किराणा दुकान. बँकेचे शैक्षणिक कर्ज ४ लाखांचे, त्यातली निम्मी रक्कम उचललेली.

पहिल्या वर्षी एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि पाच थिअरी विषयांपैकी तीन गेले: सॉलिड मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स आणि इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स. मटेरिअल्स काठावर सुटला. सॉलिड मॉडेलिंग अँड ड्राफ्टिंगमध्ये मात्र ७१ गुण. म्हणजे चार बॅकलॉग, आणि चौथ्या सेमिस्टरचे पाच पेपर समोर. उन्हाळी परीक्षेला एकूण नऊ.

निकालानंतर तीन आठवडे तो लेक्चरला गेला नाही. रात्री तीनपर्यंत जागायचा, सकाळचा नाश्ता बुडायचा, घरचा फोन उचलायचा नाही. मोबाईलवर पायथॉनचे व्हिडिओ सुरू होते. रूममेटला एकच वाक्य सांगितले: “माझी ब्रँचच चुकली, मी बीसीए करतो.” बीसीए म्हणजे कॉम्प्युटरची तीन वर्षांची पदवी.

अशा मुलाशी बोलताना पहिला प्रश्न शाखेचा नसतो. जेवतोस का, झोपतोस का, आणि जीव नकोसा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार नव्याने घुसत नाही; असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या चोवीस तास चालणाऱ्या मोफत क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावावा. मराठीत बोलता येते. या प्रकरणात उत्तर ‘नाही’ होते, पण झोप आठवडाभरात रुळावर आणेपर्यंत शाखेचा विषय बाजूला ठेवला. रात्री तीनला घेतलेला निर्णय सकाळी दहाला टिकत नाही.

उत्तरपत्रिका काय सांगते

‘शाखा चुकली’ या म्हणण्याचा पुरावा बहुतेक मुले मार्कशीटमधून देतात. मार्कशीटवर फक्त शेवटचा आकडा असतो. तो आकडा कशाने आला हे उत्तरपत्रिकेत दिसते. म्हणून पहिले काम होते तिन्ही विषयांची फोटोकॉपी मागवण्याचे. अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. ती चुकली तर हातात काही उरत नाही. रिव्हॅलला (फेरतपासणीला) टाकायचे की नाही हा नंतरचा प्रश्न. फोटोकॉपी आपल्यालाच वाचायला हवी असते.

सॉलिड मेकॅनिक्सला इनसेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) ३० पैकी ९ आणि एंडसेमला (शेवटच्या परीक्षेला) ७० पैकी १७, एकूण २६. पासिंग ४०. उत्तरपत्रिका तीन रंगांच्या पेनांनी वाचली. २४ गुणांचे प्रश्न सोडवलेच नव्हते. सोडवलेल्या ४६ पैकी २९ गुण गेले: ४ अर्धवट सोडल्याने, ७ एककांच्या घोळाने, आणि तब्बल १८ एकाच जातीच्या चुकीने. ती चूक नीट बघण्यासारखी आहे.

प्रश्नात ४ मीटर लांबीचा, दोन्ही टोकांना साधा टेकलेला बीम (तुळई). डाव्या २ मीटरवर मीटरला १० किलोन्यूटन असा पसरलेला भार. छेद ५० बाय १०० मिलिमीटर. कमाल बेंडिंग स्ट्रेस (वाकण्याने येणारा ताण) काढा. एकूण भार २० किलोन्यूटन, आणि तो भार पसरलेल्या भागाच्या मध्यावर, म्हणजे डाव्या टोकापासून १ मीटरवर धरायचा. त्यामुळे टेकूने वर लावलेला जोर, म्हणजे डावी रिअ‍ॅक्शन १५ आणि उजवी ५. मुलाने भार बीमच्या मध्यावर धरला, २ मीटरवर, आणि दोन्हीकडे १०-१० लिहिले. पुढे सगळे रीतसर: शिअर (आडवे कापू पाहणारे बल) शून्य कुठे होते ते काढले, तिथला मोमेंट (वाकवणारा परिणाम) काढला, सेक्शन मॉड्युलस बरोबर काढला, सूत्र बरोबर लावले. उत्तर आले ६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. खरे उत्तर १३५.

आणखी एक गोष्ट. त्याच्या चुकीच्या रिअ‍ॅक्शनवर शिअर डायग्राम व्यवस्थित बंद होतो, त्यामुळे शंका आलीच नाही. बेंडिंग मोमेंट उजव्या टोकाला तपासला असता तर शून्याऐवजी उणे २० आला असता आणि गफलत तिथेच सापडली असती. त्याने तो तपासला नव्हता, टोकाला शून्य गृहीत धरून वक्र तिथे नेऊन टेकवला होता.

म्हणजे दुसऱ्या वर्षाचा भाग त्याला येत होता. अडले ते पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्सपाशी. तो विषय ४३ गुणांनी सुटलेला, त्यामुळे कुणाचे लक्ष गेले नाही. काठावर सुटलेला विषय हा बॅकलॉगपेक्षा फसवा असतो, कारण तो पुन्हा कुणी उघडत नाही.

यामागे सीईटीच्या तयारीचाही हात आहे. सीईटीचा पेपर पर्यायी प्रश्नांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षे मुले पर्याय वगळून उत्तरापर्यंत पोहोचायला शिकतात. पायऱ्या लिहिणे, फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरच्या सगळ्या बलांची आकृती) काढणे, आपले उत्तर आपणच उलट तपासणे या सवयी तिथे लागत नाहीत. इंजिनिअरिंगच्या ७० गुणांच्या लेखी पेपरात नेमके तेच लागते.

थर्मोची उत्तरपत्रिका वेगळी होती. सत्तरपैकी ४१ गुण कोरे. स्टीम टेबल (वाफेच्या गुणधर्मांचा तक्ता) वाचताच येत नव्हते, कारण तो भाग शिकवला त्या दहा-बारा दिवसांत मुलगा गावी होता. इलेक्ट्रिकलमध्ये माहिती होती पण इंग्रजीत चार ओळींपुढे लिहिता येत नव्हते. सहा गुणांच्या प्रश्नाला दोन गुणांचे उत्तर. तीन विषय, तीन निरनिराळी कारणे. त्यातले एकही ‘मेकॅनिकल माझ्यासाठी नाही’ असे सांगत नाही. ‘माझ्यासाठी आहे’ असेही सांगत नाही, हे इथेच नोंदवले पाहिजे.

नऊ पेपरांचे गणित

घाबरलेल्या मुलाला नऊच्या नऊ पेपर सारखेच दिसतात. नियम समोर ठेवला की चित्र बदलते. इथला नियम असा: तिसऱ्या वर्षात जायला पहिले वर्ष पूर्ण सुटलेले हवे, आणि दुसऱ्या वर्षाची निम्मी क्रेडिट (विषय सुटल्यावर मिळणारे श्रेयांक) हवीत. दुसऱ्या वर्षाची क्रेडिट ४४, म्हणजे हवीत २२. तिसऱ्या सेमिस्टरची १२ हातात होती. चौथ्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकल-ओरलची ६ मिळण्यासारखी होती, फाइली वेळेत सबमिट केल्या आणि टर्म ग्रँट झाली, म्हणजे कॉलेजने टर्म मान्य केली तर. उरली ४. आणि सॉलिड मेकॅनिक्स एकटाच ४ क्रेडिटचा.

म्हणजे वायडी (इयर डाऊन, वर्ष वाया जाणे) टाळायला एम-टू आणि सॉलिड मेकॅनिक्स हे दोन पेपर आणि सबमिशन एवढे पुरे होते. हे कागदावर लिहून दाखवल्यावर मुलगा पहिल्यांदा सरळ बसला.

दोनवरच थांबणे मात्र धोक्याचे. एक पेपर घसरला तर सगळे कोसळते, आणि शेवटच्या वर्षात जाताना दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. म्हणून पाच पेपर पूर्ण तयारीने द्यायचे ठरले: एम-टू, सॉलिड मेकॅनिक्स, एम-थ्री, कायनेमॅटिक्स आणि मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस. कायनेमॅटिक्स घेतला, कारण त्यात वेग-त्वरणाच्या आकृत्या काढायच्या असतात आणि या मुलाचा हात चित्रात चांगला होता. उरलेल्या चारांना हजर राहायचे, जे येईल ते लिहायचे, त्यांच्यासाठी रात्र जागायची नाही.

एम-टूला इनसेमचे १४ गुण जमा होते आणि ते पुढे चालतात. म्हणजे एंडसेमला ७० पैकी २६ हवेत. पेपरात चार युनिट, प्रत्येकी १७-१८ गुणांचे, आणि ‘किंवा’चा पर्याय त्याच युनिटात. अख्खे युनिट सोडले की ते १७-१८ गुण थेट जातात, दुसरीकडून भरून येत नाहीत. सीनियर सांगतात ‘एक युनिट ऑप्शनला टाक’, ते काठावरच्या मुलाने ऐकू नये. क्रम असा लावला: आधी गोल-शंकू-वृत्तचिती, कारण त्यात ठरलेल्या पाच-सहा प्रकारांची गणिते येतात आणि पहिल्याच आठवड्यात उत्तरे जुळायला लागतात, मग कर्व्ह ट्रेसिंग, त्यानंतर मल्टिपल इंटिग्रल, कारण क्षेत्राची आकृती काढता आल्याशिवाय लिमिट लावता येत नाही, रिडक्शन आणि बीटा-गॅमा शेवटी. या सगळ्याच्या आधी दहा दिवस फक्त बारावीचे इंटिग्रेशन, रोज सहा गणिते.

बारा आठवड्यांत सर्वांत जास्त वेळ वाया गेला तो व्हिडिओ बघण्यात. दुप्पट वेगाने बघितलेले गणित समजल्यासारखे वाटते, वही उघडली की पहिलीच ओळ सुचत नाही. चौथ्या आठवड्यात हे लक्षात आल्यावर नियम केला: एका गणिताचा व्हिडिओ बघितला की त्याच जातीची तीन गणिते उत्तर झाकून सोडवायची, नाही जमली तर पुढचा व्हिडिओ नाही. सॉलिड मेकॅनिक्सला बीमच्या प्रत्येक गणिताखाली एक ओळ सक्तीची: ‘उजव्या टोकाला मोमेंट किती?’ इलेक्ट्रिकलसाठी रोज एक उत्तर इंग्रजीत पानभर लिहायचे ठरवले होते, ते तिसऱ्या आठवड्यात बंद पडले आणि तो विषय राहिला.

बीसीए खरेच हवे होते का

आता मूळ शंका. शाखेचा विचार नापास विषयांवरून करू नये, सुटलेल्या विषयांवरून करावा, असे आमचे ठाम मत आहे. नापास झालेला विषय कुणालाच आवडत नाही. जो विषय जमला तो पुन्हा, आणखी अवघड पातळीवर करावासा वाटतो का, यात खरी माहिती असते.

पर्यायही तितक्याच कसोशीने तपासावा लागतो. मुलगा आपल्या शाखेचा सगळ्यांत कंटाळवाणा भाग आणि दुसऱ्या शाखेचा सगळ्यांत आकर्षक भाग यांची तुलना करत होता. म्हणून त्याला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि डेटा स्ट्रक्चर्सची जुनी प्रश्नपत्रिका दिली. तीन आठवडे, आठवड्याला सहा तास, रविवारी तीन आणि बाकी सुटे. लिंक्ड लिस्ट कागदावर काढायची, मग कोड लिहायचा, एरर आली की स्वतः शोधायची. सोबत एक वही: कधी बसलो, कधी उठलो, का उठलो.

वहीत दिसले ते असे. कोड लिहायला बसला की चाळीस मिनिटांत उठायचा. एरर आली की मोबाईल हातात. त्याच आठवड्यांत, कुणी सांगितले नसताना, लॅबमधल्या एका मशीन व्हाइसचे सुटे भाग त्याने कॅड (संगणकावरच्या आरेखनाच्या) सॉफ्टवेअरवर काढले, सव्वातीन तास, रात्रीचे जेवण विसरून. जॉ-प्लेटच्या स्क्रूचे भोक जुळत नव्हते म्हणून वर्कशॉपमध्ये जाऊन व्हर्नियरने पुन्हा मोजून आला. ‘मला कॉम्प्युटर आवडतो’ याचा त्याच्या बाबतीतला अर्थ पडद्यावर वस्तू उभी करायला आवडते असा निघाला. त्याला नाव नव्हते, म्हणून त्याने सगळ्यांच्या तोंडी असलेले नाव घेतले.

तीन आठवड्यांची चाचणी हा अंतिम निवाडा नाही, आणि कोडिंग नंतर आवडू शकते. पण कॉलेज सोडण्याएवढा पुरावा त्यात नव्हता.

तरी वाट बंद केली नाही. बीसीएच्या प्रवेशासाठी २०२४ पासून राज्याची सीईटी आहे आणि तिचे अर्ज इंजिनिअरिंगची परीक्षा यायच्या कितीतरी आधी निघतात. जुलैमध्ये पर्याय हवा असेल तर अर्ज आधीच भरलेला लागतो. भरून ठेवायला खर्च फक्त अर्जाच्या फीचा. अनेक कॉलेजांत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तीही वाट असते. आहे त्याच कॉलेजात शाखा बदलण्याचा मार्ग पहिल्या वर्षानंतर, रिकाम्या जागा आणि गुणवत्तेवर असतो. एम-टू राहिल्याने तो संपला होता.

वर्षांचा हिशेबही कागदावर मांडला. सगळे सुटत गेले तर डिग्री २०२७ ला. एकदा वायडी लागला तर २०२८ ला. २०२५ ला बीसीएला गेला तर तीन वर्षांनी, २०२८ लाच. म्हणजे ‘दोन वर्षे वाया जातील’ ही घरच्यांची भीती आणि ‘आत्ताच सोडलं नाही तर उशीर होईल’ ही मुलाची घाई, दोन्ही वाटल्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या.

पैशाचा फरक मात्र खरा होता. कोर्स बदलला तर बँकेला कळवावे लागते आणि उरलेले कर्ज आपोआप नव्या कोर्सला चालत नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने नापास होणे आणि कोर्स बदलणे याबद्दलची अट महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर आपल्या योजनेखाली आधी वाचावी. जुन्या कॉलेजने मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत असे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. सुटलेल्या विषयांची क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या राष्ट्रीय ऑनलाइन नोंदीत कमाल सात वर्षे राहतात, पण नवे कॉलेज त्यातली किती धरेल हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारावे. मटेरिअल्सचे क्रेडिट बीसीएत कामाला येईल अशी आशा धरू नये.

वायडी लागलाच तर एक धोका सांगून ठेवतो. मागून येणाऱ्या वर्षाला नवा पॅटर्न (अभ्यासक्रम) लागू होत असेल तर जुना विषय त्याच नावाने मिळत नाही, समकक्ष विषय द्यावा लागू शकतो. परीक्षा विभागात जाऊन हे आधी विचारावे.

घरी सांगणे

एप्रिलपर्यंत घरी काही माहीत नव्हते. मुलाला वाटत होते की आधी निर्णय घ्यावा, मग सांगावा. आम्हाला हे उलट वाटते. निर्णय सांगितला की वडील त्याच्याशी भांडतात. परिस्थिती सांगितली की विचार करायला बसतात. फोनऐवजी समोर बसून, दुकान बंद झाल्यावर, आईही असताना सांगायचे ठरले. बोलणे असे जमवले:

“पप्पा, माझे चार विषय राहिलेत. एक पहिल्या वर्षाचा, तीन आत्ताचे. तुमच्यापासून लपवलं, ते चुकलं माझं.”

“चार? मंग आता पुढं काय करतो म्हणतोस?”

“मेमध्ये परीक्षा आहे. दोन विषय काढले तर वर्ष वाचतं. मी पाचाची तयारी करतोय. हे बघा, लिहून आणलंय. बीसीएचा फॉर्मपण भरून ठेवलाय. निकाल लागल्यावर तुमच्याशी बोलूनच ठरवू.”

वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, “बँकेचं काय?” हा प्रश्न आला की बोलणे मार्गी लागले असे समजावे. तोवर ते मुलावर रागावलेले असतात, इथून पुढे ते त्याच्यासोबत हिशेब करू लागतात. आईने विचारले ते मेसच्या जेवणाचे, आणि तेही टाळण्यासारखे नव्हते. वजन चार किलोने उतरले होते.

निकाल आणि पुढे

जुलैमध्ये एम-टू ४८ ने, सॉलिड मेकॅनिक्स ५२ ने, कायनेमॅटिक्स ५५ ने आणि मॅन्युफॅक्चरिंग ४६ ने सुटला. एम-थ्री ३४ वर अडकला. तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला, बीसीएची जागा सोडली. शंका पूर्ण गेली नाही, आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरनंतर ती पुन्हा तपासायची असे लिहून ठेवले आहे.

सोडण्याचा सल्ला आम्ही कधी दिला असता, तेही लिहिले पाहिजे. पाया भरून काढल्यावर गुण आले असते आणि तरीही लॅब, वर्कशॉप, कॅड यातल्या कशातच मन लागले नसते. पर्यायाच्या रुक्ष भागात तो आपणहून परत परत बसला असता. आणि एम-टू दुसऱ्यांदाही राहून वायडी लागला असता. या तीनपैकी पहिली दोन एकत्र आली असती तरी बीसीएचा प्रवेश घे म्हटले असते, तिसरीची वाट बघितली नसती. केवळ तिसरी घडली असती तर सोड म्हटले नसते: टर्म ग्रँट झालेली असली की साधारणपणे पुन्हा वर्गात बसावे लागत नाही, त्या वर्षात कॅडचे काम शिकत बॅकलॉग काढता येतात.

सध्या दिवाळीनंतरच्या परीक्षेसाठी थर्मो, एम-थ्री आणि इलेक्ट्रिकल यांची तयारी चालू आहे. थर्मोची सुरुवात स्टीम टेबलपासून केली आहे: रोज पाच दाब घ्यायचे आणि प्रत्येकाचे सॅच्युरेशन तापमान, द्रवाची व बाष्पाची एन्थाल्पी (उष्णतेचा साठा) पुस्तकातून शोधून वहीत उतरवायची, बोट थेट त्या रकान्यावर पडेपर्यंत.